मोहटोल्याच्या नॉर्मल मुली

"रस्ता नॉर्मल होता ना, सर?"

मी जीपमधून उतरण्याआधीच कुंदा सिस्टरने विचारले. वैनगंगा ओलांडल्यानंतर रस्ता असा काही उरलाच नव्हता. दगड होते, आणि दगडांच्या मधून चाकांनी पाडलेली वाट होती. मी "होता" म्हणालो. उपकेंद्राच्या ओट्यावर एक किडकिडीत तरुण गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याने तिथूनच विचारले, "अजी साहेब, पाणी माठातलं देऊ का नॉर्मल?"

"नॉर्मल म्हणजे कुठले?"

"हापशीचं. माठातलं ते थंड, हापशीचं ते नॉर्मल." तो हसला. "अन् मी सोमा. या गावात नॉर्मल नसलेली एवढी एकच वस्तू. लाल कार्ड."

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेतून निघाल्यापासून हा शब्द मी कितव्यांदा ऐकत होतो, कोण जाणे. वाटेतल्या हॉटेलवाल्याने 'मिसळ तिखट की नॉर्मल' विचारले होते, आणि नावाड्याने नदीला पाणी नॉर्मल असल्याचे सांगितले होते. रसायनशास्त्रात या शब्दाचा अर्थ द्रावणाच्या तीव्रतेशी बांधलेला आहे, संख्याशास्त्रात एका घंटेच्या आकाराच्या आलेखाशी. आमच्या सिकलसेल तपासणीच्या कार्डावर तो आणखी तिसऱ्याच अर्थाने छापला जाई: या माणसाच्या रक्तात सिकलसेलचा दोष आढळला नाही. अशा माणसाला पांढरे कार्ड. आई किंवा बाप, एकाकडूनच दोष आला असेल तर तो वाहक. स्वतः ठणठणीत, पण दोष पुढे देऊ शकणारा. त्याला पिवळे कार्ड. दोघांकडूनही आला असेल तर तो रुग्ण. त्याचे कार्ड लाल, त्याचे दुखणे जन्माचे, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी तो सोमासारखा सोळाचा दिसतो.

मी मात्र आलो होतो तो पांढऱ्या कार्डांसाठी.

मोहटोल्याच्या शिबिरांतून वेळोवेळी आलेल्या रक्ताच्या नळ्या तपासताना मला एक गोष्ट खटकली होती. आमच्या परीक्षेत रक्तातली निरनिराळी हिमोग्लोबिने विजेच्या प्रवाहाने एका पट्टीवर वेगळी केली जातात आणि त्यांच्या रेघा उमटतात. मोहटोल्याच्या लग्नाच्या वयाच्या मुलींच्या पट्ट्यांवर सिकलची रेघ नव्हती. एकीच्याही नाही. ज्या गावात पुरुषांत, म्हाताऱ्यांत, लेकुरवाळ्या बायांत ती हमखास सापडते, तिथे फक्त उपवर मुली तेवढ्या निर्दोष. एवढेही योगायोगाच्या खात्यात टाकता आले असते. पण त्या प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला एक जास्तीची, अगदी फिकट रेघ होती. ती रेघ निरुपद्रवी असते, फार क्वचित आढळते, आणि आईबापांपैकी एकाच्या रक्तात असल्याशिवाय मुलात येत नाही. या मुलींच्या आईबापांच्या पट्ट्यांवर तिचा मागमूस नव्हता.

याचा अर्थ एकच होत होता. त्या साऱ्या नळ्यांत एकाच व्यक्तीचे रक्त होते.

मी आधी आमच्याच प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञावर संशय घेतला, कारण आळस हे सर्वांत स्वस्त स्पष्टीकरण असते. त्याला न सांगता त्याच्या कामाची परीक्षा घेतली. तो निर्दोष निघाला. मग उरले ते शिबिर, आणि शिबिरात सुई धरणारा हात.

"उन्हात नळ्या खराब झाल्या," मी कुंदा सिस्टरला सांगितले. "मुलींचे रक्त पुन्हा घ्यावे लागेल."

"आता?" ती टेबलावरच्या नीट लावलेल्या वस्तू पुन्हा नीट लावू लागली. चाळिशीची, ताठ मानेची, या भागात बारा गावच्या पाण्याला सरावलेली बाई. मे महिन्याच्या त्या उकाड्यातही तिने मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घातले होते. "पोरी तेंदूपत्त्याले गेल्या, सर. संध्याकाळशिवाय येत नाहीत. अन् पोट्ट्यांच्या नळ्या?"

"त्या चांगल्या आहेत."

"म्हाताऱ्यांच्या?"

"त्याही."

ओट्यावरून सोमा म्हणाला, "वा रे ऊन! नेमकं पोरींनाच लागलं."

सिस्टरने त्याच्याकडे असे पाहिले की मी असतो तर उठून गेलो असतो. तो उठला नाही. उलट म्हणाला, "अन् ताई, तेंदूपत्त्याले आज कोण गेलं? साऱ्या आमच्या मांडवात आहेत. साहेब, माह्या बहिणीचं साक्षगंध आहे आज. अनुसया नाव तिचं. करंजटोल्याचे पाहुणे येऊन बसले. तुम्ही जेवूनच जा."

खिडकीतून मांडव दिसत होता. जांभळीचे हिरवे डहाळे, खाली सतरंज्या, आणि कोणीतरी हलगी तापवत होते. साक्षगंध म्हणजे इकडे निम्मे लग्नच. एकदा मुलीच्या अंगावर वराकडची साडी आली की मागे फिरणे दोन्ही घरांना अवघड.

मी मनात हिशेब केला. त्याला कागद लागत नव्हता. सोमा रुग्ण, म्हणजे आईबाप दोघेही वाहक. अशा घरातली सुदृढ मुलगी वाहक असण्याची शक्यता तिनांत दोन. अनुसयाचे कार्ड पांढरे होते. नवरा मुलगाही वाहक असला, तर या मांडवातून पुढे प्रत्येक गरोदरपणात चारांत एक सोमा जन्माला येण्याची शक्यता होती.

"सोमा," मी म्हणालो, "ते थंड पाणी आण बरं."

तो गेल्यावर मी दार लोटले.

"सिस्टर, मला मुलींचे रक्त नको. मला तुमच्या रक्ताचा एक थेंब हवा."

तिने कशाला म्हणून विचारले नाही. बाहेर हलगीवर पहिली थाप पडली. मग तिने डाव्या हाताची बाही हळूहळू कोपराच्या वर सरकवली. कोपराच्या खळगीत सुईचे जुने-नवे डाग एकावर एक बसले होते.

"तुम्हाला कसं समजलं?" तिने विचारले.

"तुमच्या रक्तात एक जास्तीची रेघ आहे. लाखांत एखाद्यालाच असते."

"म्हणजे मी नॉर्मल नाही?"

"त्या अर्थाने नाही."

ती हसली. त्यात आनंद नव्हता, पण गंमत वाटल्याचे खरे चिन्ह होते. "एवढ्या पोरींना नॉर्मल केलं, अन् मीच नाही म्हणता."

"हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मी अहवालात लिहिणार आहे."

"लिहा. मी कुठं अडवलं? पण आधी ऐकून घ्या." ती स्टुलावर बसली. "याच्या आधी मी पलीकडच्या गावात होते. तिथं सुमित्रा म्हणून पोरगी होती. तुमचं पिवळं कार्ड आलं. मी घरोघर सांगत फिरले, बाई, हा आजार नाही, पोरगी धडधाकट आहे, फक्त जोडी पाहून लग्न करा. लोक काय म्हणाले? म्हणाले, आजार नाही तं नॉर्मल लिहून द्या! तुमच्या कार्डावर तीन शब्द आहेत सर. नॉर्मल, वाहक, रुग्ण. पहिला नसला की पुढचे दोन कोणी वाचत नाही. तीन ठिकाणचे पाहुणे चहा पिऊन उठून गेले. शेवटी तिच्याच वयाची पोरं असलेल्या बिजवराले दिली तिले. अन् ज्या पोट्ट्यांचं कार्ड पिवळं होतं, त्यांची लग्नं त्याच वर्षी वाजतगाजत झाली. पोट्ट्याले कोणी कार्ड मागतच नव्हतं."

"म्हणून तुम्ही मुलींचेच बदलले."

"मंग कोणाचं बदलू?"

"आणि त्यांच्या पोटी जन्मणाऱ्यांचे काय? तुम्ही परिचारिका आहात. सोमा रोज तुमच्या ओट्यावर येऊन बसतो."

हा घाव तिला लागला. "सोमाले सुई मीच देते, सर. तुम्ही नाही. मले तेवढंही कळत नसंन का? प्रत्येक पोरीचं खरं रक्त मी इथं नळीत टाकून पाहून घेतलं. कोणती कशी आहे ते मले तोंडपाठ आहे. पिवळी असली की मी लग्नाच्या बोलणीत जाऊन बसते, अन् पोट्ट्याचं कार्ड मागते. पांढरं असंन तरच होकार. अनुसया पिवळी आहे. नवरदेवाचं, हिरामणचं, कार्ड मी माह्या हातानं पाहिलं. पांढरं. मंग कुठं बिघडलं?"

तिच्या मांडणीत मला चूक सापडेना. एका वाहकाला दोष नसलेला जोडीदार मिळाला तर मूल रुग्ण होत नाही, हे शास्त्र तिने बरोबर वापरले होते. पण चूक न सापडणे हे माझ्या अनुभवात चांगले लक्षण नाही. मी पुन्हा सुरुवातीपासून निघालो.

"मुलांची कार्डे मागायची पद्धत कोणी पाडली?"

"मीच. आता साऱ्या टोल्यांना माहीत आहे, मोहटोल्याची पोरगी पाहिजे असंन तं कार्ड घेऊन या."

"म्हणजे पूर्वी मुलाला पांढऱ्या कार्डाची गरज नव्हती. तुमच्यामुळे पडली."

"हो."

"तेव्हापासून किती मुलगे पिवळे कार्ड घेऊन आले?"

ती उत्तर द्यायला सरसावली, आणि थांबली. "नाही आले कोणी. सारे पांढरेच..."

"करंजटोल्याला रक्त कोण घेते?"

"चंद्रकला. माही मैत्रीण आहे. आम्ही एकाच बॅचच्या."

"तिला तुमची ही युक्ती ठाऊक आहे?"

कुंदा सिस्टरने बाही खाली ओढली. मनगटाचे बटण तिला लवकर लागेना. "मागच्या बैठकीत तिनं विचारलं होतं," ती म्हणाली, "तुह्याकडच्या पोरी कशा काय साऱ्या उजवतात म्हणून. मी सांगितलं. पोरींसाठी सांगितलं होतं, सर. देवाशपथ, पोरींसाठी."

मांडवात हलगीने लय धरली. ती उठली.

"साडी नेसवायच्या आधी आणते दोघांना," ती म्हणाली आणि जवळजवळ धावत गेली.

ती परतली तेव्हा सोबत अनुसया होती, हळदीच्या रंगाची जुनी साडी नेसलेली, सोमाचेच डोळे असलेली. मागे हिरामण, नव्या बुशकोटात, कपाळाला कुंकू. त्याच्यामागे त्याची आई, हातात कापडी पिशवी घेऊन, कोणाशीही भांडायच्या तयारीने. आणि पाण्याचा तांब्या घेऊन सोमा.

"हे काय नवीन काढलं?" हिरामणची आई म्हणाली. "मुहूर्ताच्या वेळेवर रक्त कायचं? माह्या पोराचं कार्ड आहे नं!" तिने पिशवीतून ते काढून माझ्यासमोर धरले. पांढरे, नवे कोरे, घडीसुद्धा न पडलेले.

"मावशी, ते रक्त तुमच्या मुलाचे नसावे असा मला संशय आहे."

"मंग काय माह्या बोकडाचं आहे?"

"आई, गप राय," हिरामण म्हणाला. त्याने बोट पुढे केले. "टोचा साहेब. मले काही होत नाही. तीन कोस सायकल मारत आलो."

कुंदा सिस्टर अनुसयाला एका बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगत होती. मला शब्द ऐकू आले नाहीत. अनुसयाने एकदा तिच्या हाताकडे, बाहीकडे पाहिले. मग तीही येऊन बसली.

परीक्षा साधी होती. नळीत पारदर्शक द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, आणि नळीमागे काळ्या ओळी छापलेला कागद. ओळी दिसल्या तर दोष नाही. द्रावण गढूळ होऊन ओळी झाकल्या गेल्या तर दोष आहे. एकट्या नळीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही, म्हणून पहिला थेंब माझा घेतला.

"दुसरा माहा घ्या," सोमा म्हणाला. "माह्यात फसवणूक नाही. गॅरंटीचा माल."

मग अनुसयाचा आणि हिरामणचा. चारही नळ्या मी खिडकीत ओळीने उभ्या केल्या. सगळे खिडकीशी आले. हिरामणची आईसुद्धा पुढे वाकून पाहू लागली.

माझ्या नळीमागच्या ओळी स्वच्छ दिसत होत्या. सोमाच्या नळीमागे काहीच दिसत नव्हते. अनुसयाच्या नळीतही ताक पातळ करून ओतावे तसा गढूळपणा चढला. तो कुंदा सिस्टरला आधीच माहीत होता. तिचे डोळे चौथ्या नळीवर होते. ती थोडा वेळ निवळ राहिली. मग तळापासून धुके उठावे तशी गढूळ होत वर आली, आणि ओळी गेल्या.

"पुन्हा करा," हिरामण म्हणाला.

मी दुसरे बोट टोचले, नवी नळी घेतली. तिनेही तेच सांगितले.

"चंद्रकले, चंद्रकले," कुंदा सिस्टर स्वतःशीच म्हणाली. मग भिंतीला टेकली. "तिचं काय चुकलं? शिकवलं तं मीच."

अनुसयाने माझ्याकडे पाहिले. "साहेब, मी आजारी आहे का?"

"नाही."

"हे आहेत का?"

"नाही. तो तीन कोस सायकल मारतो आणि मारत राहील."

"मंग आम्ही दोघंही नॉर्मल."

"वेगवेगळे असलात तर. एकत्र नाही. एकत्र आलात तर चारांत एक मूल सोमासारखे जन्मू शकते."

मी इतकी वर्षे हा शब्द माणसाला लावत आलो होतो. तो जोडीला लावायचा असतो हे मी त्या वेळी प्रथम मोठ्याने म्हटले, तेही एका मुलीने विचारले म्हणून.

"चारात एक म्हणता ना तुम्ही?" हिरामण घाईने म्हणाला. "म्हणजे तिघं चांगले. आम्ही तिघांवर थांबू."

"तसे नसते. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. पहिलेच मूल असू शकते. चारही असू शकतात."

"किंवा एकही नाही!"

"किंवा एकही नाही," मी कबूल केले. खोटे बोलायला मी आलो नव्हतो.

तो अनुसयाकडे वळला. "तू म्हण. तू म्हणशीन तं मी करतो. आईले मी पाहून घेतो."

सोमा म्हणाला, "जावई, घाई नोको. मले आधी नीट पाहून घ्या. फोटोत मी बरा दिसतो."

अनुसया त्याच्याकडे न पाहता बोलू लागली. "दादाचे पाय दुखले की मी दाबून देते. जोर लावला तरी दुखते, सोडून दिलं तरी दुखते. तो तोंडात पंचा कोंबतो, आईले ऐकू जाऊ नाही म्हणून. आई जागीच असते. तीही तोंडात पदर कोंबते." तिने हिरामणकडे मान वर केली. "मी त्याची बहीण आहे म्हणून मले हे जमते. आई होऊन नाही जमणार."

हिरामणने कपाळावरचे कुंकू पुसायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

अनुसयाने त्याच्या आईच्या हातातली कापडी पिशवी हलकेच घेतली. त्यात साक्षगंधाची साडी होती, हिरवी, काठाला मोर. ती तिने एकवार उघडून पाहिली, घडी पुन्हा बसवली, आणि परत केली. "मावशी, तुमच्या पोरात खोट नाही. माह्यातही नाही. हे मांडवात तुम्ही सांगा. मी सांगितलं तं लोक माह्यातच शोधतीन."

ती बाई इतका वेळ भांडणाचे शब्द जुळवत होती. ते आता तिच्या कामाचे राहिले नव्हते. "सांगते," ती म्हणाली. मग कुंदा सिस्टरकडे वळून तिने विचारले, "माह्या गावात आणखी किती पांढरे आहेत असे?"

"मले माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "उद्या येते मी."

तिची पुढे चौकशी झाली. मी लिहिले होते त्याप्रमाणेच झाली, कारण मी सारे लिहिले होते. तिन्ही शब्दांचे ते कार्ड बंद करावे हेही लिहिले होते. त्यातले कशाचे काय झाले तो वेगळा आणि लांबलचक विषय आहे. त्या दुपारपुरते सांगायचे तर हिरामणच्या आईने मांडवात जाऊन सारे सांगितले, कार्डांच्या लबाडीसकट. हलगी थांबली. थोडी आरडाओरड झाली, मग स्वयंपाक झालेलाच होता म्हणून पंगत बसली. हिरामण आग्रहाला बळी पडून जेवला. सोमाने त्याला वाढले.

"मले माहं कार्ड लिहून द्या," अनुसया म्हणाली. मी पिवळे कार्ड काढले. ते हातात धरून ती पंगतीच्या कडेने सरळ घरी गेली, झाकून नाही, आणि मिरवीतही नाही.

मी नळ्या धुवायला घेतल्या तेव्हा दारात सावली पडली. मोहटोल्याच्या मुली उभ्या होत्या, एकमेकींना पुढे ढकलत. पहिलीने आपले पांढरे कार्ड टेबलावर पालथे ठेवले. दुसरीने तिच्यावर. मग पुढच्या नुसत्या हात लांब करून ठेवत गेल्या, आणि थोड्या वेळाने ढीग एका बाजूला घसरला.

कुंदा सिस्टरने सुईचे नवे पाकीट फोडले. स्टुलावर बसलेल्या मुलीने दंड पुढे केला.

"मुठ्ठ वळ," सिस्टर म्हणाली. "आता तुहंच घेते."